चार चढायांवरून गडी ओळखता येतो का?

भातकापणी आटोपली, झोडणी होऊन खळी मोकळी झाली, की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत कबड्डीचे दिवस सुरू होतात. वासिंद, किन्हवली, डोळखांब असो की सरळगाव, टोकावडे, धसई असो. कुठे ना कुठे मैदान आखले जाते, खांबांवर दिवे चढतात आणि प्रकाशझोतातल्या सामन्यांना मध्यरात्र कधी उलटते ते प्रेक्षकांना कळत नाही.

कबड्डीच्या संघात जास्तीत जास्त १२ खेळाडू असतात. त्यांपैकी ७ मैदानात उतरतात आणि ५ बाहेर बसतात. वर्तमानपत्रात नावे छापून येतात ती बहुधा त्या सातांची. आज आपण बाहेर बसलेल्या पाचांचा विचार करणार आहोत, आणि त्यांतही राखीव चढाईपटूचा.

कल्पना करा, उपान्त्य सामन्यात मुख्य चढाईपटूचा घोटा मुरगळला. बाहेर दोन राखीव चढाईपटू बसले आहेत. एकाने या मोसमात ६ चढाया केल्या आणि ४ यशस्वी केल्या. त्याला आपण ‘क’ म्हणू. दुसऱ्याने ४० चढाया केल्या आणि २० यशस्वी केल्या. त्याला ‘ख’ म्हणू. क चे यश शेकडा ६७, ख चे शेकडा ५०. प्रशिक्षकाने कोणाला आत पाठवावे?

बहुतेक जण ‘क’ असे उत्तर देतील. हे उत्तर पटकन देण्याजोगे आहे का, ते गणिताने तपासू या. हा केवळ खेळाचा प्रश्न नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. तिथपर्यंतची वाट जिल्हा आणि राज्य पातळीच्या निवडीतून जाते, आणि निवड होण्यासाठी आधी मैदानात उतरायला मिळावे लागते. एखाद्या मुलाला किंवा मुलीला दोन चढायांवरून कायमचे बाहेर बसवले, तर त्या निर्णयाची किंमत फार मोठी असू शकते.

नाणे आणि चढाई

प्रथम चढाई बाजूला ठेवा आणि एक नाणे घ्या. ते सहा वेळा उडवा. छापा पडला तर चढाई यशस्वी, काटा पडला तर अयशस्वी असे माना. सहा वेळा नाणे उडवल्यास निकालांचे एकूण २ × २ × २ × २ × २ × २ = ६४ प्रकार संभवतात. त्यांत नेमके चार छापे येण्याचे १५ प्रकार, पाच येण्याचे ६ आणि सहाही छापे येण्याचा १ प्रकार आहे. म्हणजे चार किंवा अधिक छापे येण्याची संभाव्यता २२ भागिले ६४, म्हणजे शेकडा सुमारे ३४ झाली.

तुमच्या वर्गात ४० विद्यार्थी असतील तर प्रत्येकाने सहा-सहा वेळा नाणे उडवून पाहावे. साधारण १४ जणांना चार किंवा त्याहून अधिक छापे मिळतील. या १४ जणांच्या अंगी छापा पाडण्याची काही खास कला आहे असे कोणी म्हणणार नाही. मात्र मैदानावर सहांपैकी चार चढाया यशस्वी करणाऱ्याला आपण लगेच ‘गुणी’ ठरवतो.

नाण्यात छाप्याची संभाव्यता निम्मी असते. एखाद्या सामान्य चढाईपटूचे खरे यश त्याहून कमी, समजा शेकडा ४० आहे. त्यालाही सहांपैकी चार किंवा अधिक चढायांत यश मिळण्याची संभाव्यता शेकडा सुमारे १८ येते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी द्विपद प्रमेय वापरून हे उत्तर पडताळून पाहावे. याचा अर्थ असा की अशा पाच-सहा सामान्य राखीव खेळाडूंत एक जण निव्वळ योगायोगाने चमकताना दिसेल. तालुक्यात असे कितीतरी संघ आहेत. तेव्हा दर मोसमात काही ‘नवे तारे’ उगवल्यासारखे वाटावेत यात नवल नाही.

पुढच्या वेळी काय झाले?

प्रयोग इथेच थांबवू नका. चार किंवा अधिक छापे मिळालेल्या त्या १४ विद्यार्थ्यांना पुढे बोलवा आणि प्रत्येकाला पुन्हा सहा वेळा नाणे उडवायला सांगा. पहिल्या खेपेस त्यांची सरासरी साडेचारच्या जरा खाली होती. दुसऱ्या खेपेस ती ३ च्या आसपास येईल.

हे विद्यार्थी गाफील राहिले नाहीत की त्यांच्या डोक्यात हवाही गेली नाही. पहिल्या खेपेस नशिबाने साथ दिली म्हणून ते निवडले गेले. नशिबाला मात्र मागच्या खेपेची आठवण नसते. संख्याशास्त्रात याला ‘सरासरीकडे परतणे’ म्हणतात. मैदानावर हेच घडले की लोक म्हणतात, ‘पोराला गर्व झाला.’ उलट, पहिल्या दोन सामन्यांत अपयशी ठरलेला मुलगा तिसऱ्यात बरा खेळला, तर श्रेय प्रशिक्षकाच्या दटावणीला मिळते. दोन्ही वेळा खरे कारण पुष्कळदा एकच असते: नमुना लहान होता.

कबड्डी म्हणजे नाणेफेक नव्हे, हे उघड आहे. चपळाई, दम, नजर, फसवणुकीची हातोटी यांत खेळाडूखेळाडूंत खरा फरक असतो. म्हणून चांगल्या चढाईपटूचे यश पार सरासरीपर्यंत घसरत नाही, काही अंतर राखून थांबते. ते अंतर किती, हेच आपल्याला शोधायचे आहे.

चौपट मेहनत, निम्मी चूक

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत लंबकाचा आवर्तकाल काढताना आम्ही विद्यार्थ्यांना एकाच आंदोलनावर थांबू देत नाही. वीस आंदोलनांचा वेळ मोजायचा, तोही तीन-चार वेळा, आणि मग सरासरी काढायची. वाचने वाढली की चूक घटते. पण किती घटते?

नियम असा आहे की सरासरीतील अनिश्चितता वाचनांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. यशाची टक्केवारी पन्नासच्या आसपास असेल तर ६ चढायांनंतर ही अनिश्चितता सुमारे २० टक्के-अंकांची असते. २४ चढायांनंतर ती १० वर येते आणि ९६ चढायांनंतर ५ वर. म्हणजेच चूक निम्मी करायची तर चढाया चौपट हव्यात.

आता हिशोब करा. सामना ४० मिनिटांचा, चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची आणि दोन्ही संघ आळीपाळीने चढाई करणार. तेव्हा एका संघाच्या वाट्याला ४० किंवा त्याहून थोड्या अधिक चढाया येतात. त्यांतल्या बऱ्याचशा मुख्य चढाईपटूच करतो. राखीव गड्याला सामन्यात ३ मिळाल्या असे धरले, तरी ९६ चढायांना ३२ सामने लागतील. एवढे सामने एका मोसमात कोठून आणायचे? राखीव खेळाडूचे मूल्यमापन अवघड का असते ते आता लक्षात येईल. ज्याच्याबद्दल सर्वांत जास्त जाणून घ्यायचे आहे, त्याच्याच नोंदी सर्वांत कमी असतात.

वीस काल्पनिक चढाया

यावर एक साधा उपाय आहे. ज्याच्याबद्दल फारसे माहीत नाही, त्याला आधी ‘सरासरी खेळाडू’ माना आणि पुरावा जमेल तसे ते मत बदलत जा. अठराव्या शतकात फ्रेंच गणिती लाप्लास याने थोड्या पुराव्यावरून संभाव्यता कशी काढावी याचा विचार केला होता. त्याच वाटेने आपण जाऊ.

समजा, आपल्या भागातील चढाईपटूंचे सरासरी यश शेकडा ४० आहे. प्रत्येक खेळाडूच्या खात्यात २० काल्पनिक सरासरी चढाया आधीच जमा करा, म्हणजे २० चढाया आणि ८ यश. आता ‘क’ कडे वळू. त्याचे यश ४ + ८ = १२, चढाया ६ + २० = २६, म्हणून टक्केवारी ४६. ‘ख’ चे यश २० + ८ = २८, चढाया ४० + २० = ६०, म्हणून टक्केवारी ४७.

सतरा टक्के-अंकांचा फरक कुठल्या कुठे नाहीसा झाला! ‘क’ वाईट खेळाडू आहे असे हे गणित म्हणत नाही. ते एवढेच सांगते की आजच्या पुराव्यावर दोघांत निवड करण्याजोगा फरक नाही, दुसरे काहीतरी पाहा.

काल्पनिक चढाया वीसच का? खेळाडूंमध्ये मुळात फारसा फरक नसेल तर हा आकडा मोठा घ्यावा, फरक भरपूर असेल तर लहान. हा आकडा कमीजास्त करून निष्कर्ष टिकतो का ते पाहणे हा एक चांगला अभ्यास आहे.

बेरीज फसवते तेव्हा

चढाया पुरेशा असल्या तरी आणखी एक खड्डा वाटेत असतो. ‘ग’ आणि ‘घ’ या आणखी दोन राखीव गड्यांनी प्रत्येकी ४० चढाया केल्या. ‘ग’ चे यश २१, ‘घ’ चे १९. वरवर पाहता ‘ग’ सरस आहे. पण या चढाया कधी केल्या?

‘ग’ ने अटीतटीच्या वेळी १० चढाया केल्या आणि त्यांत ३ यशस्वी झाल्या, म्हणजे शेकडा ३०. सामना जवळजवळ निकाली निघाल्यावर, प्रतिपक्षानेही आपले मुख्य पकडपटू विश्रांतीला बाहेर काढल्यावर, त्याने ३० चढाया करून १८ यश मिळवले, म्हणजे शेकडा ६०. ‘घ’ ने अटीतटीच्या वेळी ३० चढाया केल्या आणि १२ यशस्वी केल्या, म्हणजे शेकडा ४०. निकाली अवस्थेत १० पैकी ७, म्हणजे शेकडा ७०.

कठीण वेळी ‘घ’ सरस, सोप्या वेळीही ‘घ’ सरस. आणि बेरीज केली की ‘ग’ पुढे! यात हिशोबाची चूक कुठेही नाही. ‘ग’ ला सोप्या चढाया अधिक मिळाल्या, एवढेच झाले. संख्याशास्त्रात हा ‘सिम्पसनचा विरोधाभास’ म्हणून ओळखला जातो. दोन दवाखान्यांची, दोन शाळांची किंवा दोन खतांची तुलना करतानाही तो फसवतो.

कबड्डीत परिस्थिती अनेक अंगांनी बदलते. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस गुण मिळू शकतो. तीन किंवा त्याहून कमी उरले असतील आणि त्यांनी पकड केली, तर ती अव्वल पकड ठरून त्यांना दोन गुण मिळतात. प्रो कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद होतो. ही तिसरी चढाई ज्याच्या गळ्यात वारंवार पडते, त्याची टक्केवारी खालावणारच.

हाच पेच दूर अमेरिकेतही आहे. तिथल्या फुटबॉलमध्ये, जो आपल्या फुटबॉलहून अगदी वेगळा असतो, ‘रनिंग बॅक’ नावाचा खेळाडू चेंडू पोटाशी धरून प्रतिपक्षाच्या गर्दीतून धावतो. व्यावसायिक संघात ५३ खेळाडू, मैदानात ११. साहजिकच राखीव रनिंग बॅकही असतात. पण त्याने किती अंतर कापले हे पुष्कळसे त्याच्या पुढच्या धिप्पाड साथीदारांनी वाट कशी मोकळी केली यावर ठरते. राखीव गडी सहसा सामन्याच्या शेवटी, थकलेल्या प्रतिपक्षासमोर उतरतो. त्याच्या अंतराची मुख्य खेळाडूच्या अंतराशी थेट तुलना करणे म्हणजे ‘ग’ आणि ‘घ’ यांची नुसती बेरीज पाहणे होय.

घड्याळ आणि फूटपट्टी

चढाया थोड्या असतील तर मग काय मोजावे? ज्याची वाचने एका दुपारी भरपूर घेता येतील, असे काहीतरी. इथे भौतिकशास्त्र मदतीला येते.

पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर असते; महिलांच्या मैदानात हे अंतर ३ मीटर आहे. निदान रेषेजवळ गडी टिपून चढाईपटू वळला आणि मध्यरेषेकडे झेपावला. स्थिर स्थितीतून एकसमान त्वरणाने निघाल्यास अंतर = १/२ × त्वरण × (वेळ)². एकाचे त्वरण ५ मीटर प्रति सेकंद वर्ग असेल, तर त्याला ३.७५ मीटर कापायला १.२२ सेकंद लागतील. दुसऱ्याचे त्वरण ४ असेल, तर त्याला १.३७ सेकंद लागतील.

फरक अवघा ०.१५ सेकंदाचा. पण पहिला मध्यरेषा गाठतो त्या क्षणी दुसरा ३ मीटरच आलेला असतो. मध्यरेषा त्याच्यापासून अजून ७५ सेंटीमीटर दूर असते. लांबवलेल्या हाताने कमी-अधिक तेवढेच अंतर गाठता येते. घोट्यावर झडप घालणाऱ्या कोपरारक्षकाला तेवढी उसंत पुरते.

हे त्वरण पायांना जमिनीकडून मिळणाऱ्या घर्षणातून येते. त्वरण ५ हवे असेल, तर घर्षणांक निदान ५ भागिले ९.८, म्हणजे सुमारे ०.५१ असायला हवा. मैदानावर भुसभुशीत धूळ साठली की घर्षण कमी होते आणि चपळ गड्याचाही पाय सटकतो. म्हणून दोन खेळाडूंची तुलना एकाच मैदानावर, एकाच दिवशी, दोघेही अनवाणी किंवा दोघेही बूट घालून असतानाच करावी.

वेळ हातातल्या विरामघड्याळाने मोजली तर मोजणाऱ्याच्या बोटाची चूक ०.१ ते ०.२ सेकंदांची असू शकते. एका वाचनात आपला ०.१५ सेकंदाचा फरक बुडून जाईल. मात्र दहा वाचने घेतली तर वर्गमुळाच्या नियमाने चूक जवळजवळ तिपटीने घटते. मोबाइलवर चित्रण केले तर आणखी बरे. साधारण मोबाइल सेकंदाला ३० चित्रे टिपतो, म्हणजे सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत वेळ वाचता येते.

प्रतिक्रियाकाल मोजायला तर फूटपट्टी पुरते. मित्राने फूटपट्टी वरच्या टोकाला धरावी आणि न सांगता सोडावी. खालच्या टोकाशी, शून्याजवळ, चिमूट उघडी ठेवून तुम्ही ती पकडावी. २० सेंटीमीटरवर पकडलीत तर प्रतिक्रियाकाल ०.२० सेकंद, १५ सेंटीमीटरवर पकडलीत तर ०.१७५ सेकंद.

या मोजमापांनाही मर्यादा आहे. वेगवान धावपटू हा चांगला चढाईपटू असेलच असे नाही. हूल देणे, समोरच्या साखळीतील ढिली कडी हेरणे, दम टिकवून योग्य क्षणाची वाट पाहणे हे घड्याळात उमटत नाही. चढायांची नोंद आणि ही मोजमापे यांचा मेळ घातला, तर मात्र नुसत्या नजरेपेक्षा अंदाज पुष्कळ सुधारतो.

बाकावरून अंतिम सामन्यात

मोठ्या संघांचेही अंदाज चुकतात. पवन सेहरावत २०१७ च्या प्रो कबड्डी मोसमात गुजरातच्या संघात होता. तिथे त्याला फारच थोडी संधी मिळाली. पुढच्या मोसमात तो बंगळूरू संघात गेला आणि त्याने चढाईचे २७१ गुण मिळवले. त्या मोसमाचा अंतिम सामना ५ जानेवारी २०१९ रोजी मुंबईत झाला. समोर गुजरातचाच संघ होता. बंगळूरूने ३८–३३ असा विजय मिळवला, आणि त्यात २२ गुण एकट्या पवनचे होते.

त्याच मोसमात कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई यू मुंबा संघाकडून प्रथमच या स्पर्धेत उतरला. लिलावात त्याची बोली ३६ लाख ४० हजार रुपयांची होती. २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण मिळवल्यावर २०१९ मध्ये ती १ कोटी ४५ लाखांवर गेली. खेळाडू तोच होता. दरम्यान त्याच्याबद्दलचा पुरावा मात्र वाढला होता.

या उदाहरणांवरून प्रत्येक राखीव गड्यात एक पवन दडलेला आहे असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. जे चमकले त्यांचीच नावे आपल्याला माहीत होतात. ज्यांना संधी मिळूनही जमले नाही, ते विस्मृतीत जातात; आणि ज्यांना संधीच मिळाली नाही, त्यांच्याबद्दल तर काहीच सांगता येत नाही.

संधीची किंमत किती?

मग संधी द्यावी तरी कशी? समजा मुख्य चढाईपटूचे यश शेकडा ५० आणि राखीव गड्याचे, आपल्या अंदाजाने, शेकडा ४० आहे. मुख्य गड्याच्या ५ चढाया राखीव गड्याला दिल्या, तर सरासरीने अर्ध्या यशस्वी चढाईचा तोटा होईल. साखळी सामन्यात एवढी किंमत सहज परवडण्याजोगी आहे. त्या बदल्यात माहिती मिळते, आणि मुख्य गडी जखमी झाला की ती माहिती अत्यंत मोलाची ठरते.

सराव सामन्यात तर ही किंमत शून्य असते. तिथे राखीव चढाईपटूला आपल्याच संघाच्या पहिल्या फळीच्या सात बचावपटूंसमोर उतरवावे. त्यामुळे चढाया भरपूर मिळतात, प्रतिपक्ष दुबळा नसतो आणि दोघा राखीव गड्यांची परीक्षा एकाच पातळीवर होते.

एक वही घाला

शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना या मोसमासाठी एक प्रकल्प सुचवतो. आपल्या शाळेच्या मुलांच्या आणि मुलींच्या संघासाठी एक वही घाला आणि दर चढाईला एक ओळ लिहा. तारीख, प्रतिपक्ष, कितवे मिनिट, चढाईपटू, समोर किती बचावपटू, दोन्ही संघांचे गुण आणि निकाल असे सात रकाने पुरेत. सामन्याच्या गुणपत्रकावर गुण उतरतात, पण रिकामी चढाई कोणत्या परिस्थितीत गेली हे सहसा तिथे सापडत नाही. ते तुमच्या वहीत सापडेल.

निकालाच्या रकान्यात मिळवलेले गुण आणि बाद झाल्याची खूण, दोन्ही नोंदवा. दहा चढायांत ४ गुण मिळवून ३ वेळा पकडला गेलेला खेळाडू संघाला १ गुणाने पुढे नेतो. दहा चढायांत ३ गुण मिळवून एकदाच पकडला गेलेला खेळाडू २ गुणांनी पुढे नेतो. टाळ्या मात्र पहिल्याला अधिक मिळतात.

मोसमाच्या अखेरीस प्रत्येक खेळाडूच्या खात्यात २० सरासरी चढाया मिळवा, कठीण आणि सोप्या चढाया वेगळ्या करा, आणि मग यादी लावा. यादीसमोर प्रत्येकाच्या चढायांची संख्याही लिहा. ज्या नावापुढे ती संख्या दहाच्या आत असेल, त्याला चांगला किंवा वाईट असा शेरा देऊ नका. तिथे ‘अजून चढाया हव्यात’ एवढेच लिहा आणि ती वही पुढच्या सराव सामन्यापूर्वी क्रीडाशिक्षकांच्या हाती द्या.